घोड्याच्या बाजूने चालणारी माणसे

नेसरीचे नाव निघाले, की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांसमोर घोडेस्वार उभे राहतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सहकारी बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले, ते याच परिसरात. त्यामुळे आमच्या भागात घोडा म्हटला की वेग, शौर्य आणि पाठीवरचा स्वार एवढेच मनात येते. आज ज्या घोड्याविषयी लिहावयाचे आहे, तो धावत नाही. तो संथ कदमचालीने एका आखाड्यात फेऱ्या घालतो. त्याच्या पाठीवर एखादे आठ-दहा वर्षांचे मूल असते, ज्याला जमिनीवर आधाराशिवाय बसताही येत नाही. एक जण घोड्याची दोरी धरून पुढे चालतो आणि मुलाच्या डाव्या-उजव्या बाजूंना आणखी दोघे चालतात. आजचा लेख मुख्यतः या चालणाऱ्या माणसांविषयी आहे; कारण त्यांतील कित्येकांचे केस पांढरे झालेले असतात.

या उपक्रमाला उपचारात्मक अश्वारोहण म्हणतात. त्याच्या इतिहासात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे नाव आदराने घेतले जाते. त्या उत्तम घोडेस्वार होत्या. १९४४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गर्भवती असताना त्यांना पोलिओ झाला. पुढे बरीच शक्ती परत आली, पण गुडघ्यांखालचे पाय निकामीच राहिले. तरीही त्या पुन्हा घोड्यावर बसल्या आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात त्यांनी रौप्यपदक जिंकले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना माणसाचा हात लागत असे. पदक घेताना त्यांना मंचावर चढण्यास मदत केली ती सुवर्णपदक जिंकलेल्या स्वीडनच्या आंरी सँ सीर यांनी. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा रौप्यपदक मिळविले. पोलिओने पाय गेलेले किती तरी लोक आपल्या पिढीने गावोगावी पाहिले आहेत. भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र २०१४ मध्ये मिळाले. पण ज्यांचे पाय त्याआधी गेले, ती माणसे आज पन्नाशी-साठीत आपल्यामध्येच आहेत. हार्टेल यांच्या पदकाचे मोल त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्यांच्या यशानंतर युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीचे प्रयोग वाढत गेले. ब्रिटनमध्ये १९६९ साली ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. राजकन्या ॲन १९८५ पासून तिच्या अध्यक्षा आहेत. या संस्थेची केंद्रे तेथील गावोगावी पसरलेली असून त्यांचा मोठा भार बिनपगारी स्वयंसेवक वाहतात.

घोड्याच्या पाठीवर बसल्याने शरीराला नेमके काय मिळते, असा प्रश्न वाचकांना पडेल. आपण चालतो तेव्हा आपली कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे अशी एका लयीत हलते. कदमचालीने चालणाऱ्या घोड्याची पाठही जवळजवळ तशीच हलते. ज्या मुलाने आयुष्यात एक पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कमरेला आणि कण्याला घोड्याच्या पाठीवर चालण्याचा अनुभव मिळतो. प्रत्येक पावलागणिक तोल किंचित ढळतो आणि शरीर तो सावरू पाहते. त्यातून धड आणि मान सावरणाऱ्या स्नायूंना व्यायाम घडतो. घोड्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे अधिक असते. ती ऊब आणि ती लय यांमुळे ताठरलेले स्नायू काही काळ सैल पडतात. मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने बाधित मुलांना बसण्याचा तोल सुधारण्यास याचा उपयोग होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. स्वमग्न मुलांमधील चिडचिड आणि अस्वस्थता कमी झाल्याचेही आढळले आहे. मात्र हा रोग बरा करणारा उपाय नव्हे. नेहमीचा फिजिओथेरपीचा व्यायाम, औषधे आणि शिक्षण यांना ती एक जोड आहे. त्यांना सोडून कोणी केवळ घोड्यावर विसंबू नये.

आता या उपक्रमाचे गणित पाहू. नवख्या किंवा अशक्त स्वाराला तीन माणसे लागतात: एक घोडा चालवणारा आणि दोन बाजूने चालणारे. बाजूने चालणाऱ्याचा एक हात मुलाच्या मांडीवर वा घोट्यावर असतो आणि नजर सतत मुलावर. घोडा बिचकला तर मुलाला सावरणे हे त्याचे काम. मुलाला वर चढवण्यासाठी आणखी हात लागतात. त्याआधी घोड्याला खरारा करायचा, खुरांतील माती काढायची, खोगीर घालून तंग आवळायचा; नंतर लीद उचलायची, पाणी पाजायचे, नोंदवही भरायची आणि कोणी तरी सर्वांसाठी चहा ठेवायचा. म्हणजे एका मुलाच्या अर्ध्या तासाच्या फेरीमागे चार-पाच माणसांचे दोन तास असतात. पगार देऊन एवढी माणसे ठेवणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही. हा वेळ देऊ शकणारे असतात ते मुख्यतः निवृत्त लोक.

माझ्या रुग्ण असलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी हे काम जवळून पाहिले आहे. त्यांची ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय सहासष्ट, मधुमेह दहा वर्षांचा, डाव्या गुडघ्याची झीज. पती गेल्यानंतर मुलगा आणि मुलगी दोघेही त्यांची फार काळजी घेऊ लागले. पाणी तापवायला बाई, बाजाराला गडी, आणि दिवसातून दोनदा फोन: ‘आई, तू काही करू नकोस, फक्त आराम कर.’ वर्षभरात बाईंचे वजन वाढले, झोप उडाली आणि दवाखान्यातील त्यांच्या तक्रारींची यादी लांबत गेली. एकदा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, माझं दुखणं एकच. सकाळी उठून कुठं जायचं, ते मला माहीत नाही.”

पुढे त्या मुलीकडे इंग्लंडला काही महिने राहिल्या. मुलीच्या शेजारीण आठवड्यातून दोन दिवस अशा एका केंद्रात जात. त्या बाईंना सोबत घेऊन गेल्या. मुलाने येथून फोनवर विरोध केला. ‘आई, घोड्याने लाथ मारली तर? पडलीस तर?’ ही भीती अनाठायी नव्हती. चार-पाचशे किलोच्या जनावराजवळ वावरताना धोका असतोच. परंतु केंद्राने त्यांना पहिल्याच दिवशी मुलाजवळ उभे केले नाही. आधी तब्येतीची माहिती घेतली, तपासण्या व नोंदी पूर्ण केल्या आणि पहिले काही दिवस केवळ खरारा करण्यास शिकवले. मग एका वयस्कर, शांत तट्टाबरोबर रिकाम्या आखाड्यात चालवून पाहिले. त्यानंतरच एका मुलीच्या डाव्या बाजूने चालण्याचे काम त्यांच्याकडे आले.

परत आल्यावर बाईंनी जे सांगितले, त्यात घोड्याचे कौतुक थोडेच होते. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती त्या मुलीच्या आईची. मुलीला घोड्यावर बसवले की ती आई गाडीत जाऊन बसायची आणि अर्धा तास डोळे मिटून पडायची. ना फोन, ना पुस्तक. “नऊ वर्षांत त्या बाईला स्वतःचा असा तेवढाच वेळ मिळत होता. मी मुलीबरोबर चालत होते, पण मला वाटायचं, मी त्या आईला झोप देते आहे.” दुसरी गोष्ट त्यांच्या स्वतःची. एके दिवशी त्यांना पोहोचायला दहा मिनिटे उशीर झाला, तर केंद्रप्रमुखांनी उशिराचे कारण विचारले, कारण त्यांच्यावाचून फेरी अडली होती. “डॉक्टर, निवृत्त झाल्यापासून मला ‘उशीर का झाला?’ असं कोणी विचारलंच नव्हतं. मला रागावण्याऐवजी रडूच आलं.”

त्यांची साखर घोड्यामुळे आटोक्यात आली, असे मी म्हणणार नाही. रोजचे चालणे वाढले, वेळेवर जेवण होऊ लागले, रात्री अंग दमू लागले. या सर्वांचा मिळून तो परिणाम होता. पण हे सारे सुरू झाले ते कोणी तरी आपली वाट पाहते आहे या एका कारणाने. मला आज ज्येष्ठ वाचकांना आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांना हेच सांगावयाचे आहे. वृद्धांची सेवा करणे हे आपण कर्तव्य मानतो, ते योग्यच आहे. परंतु माणसाला जशी सेवेची गरज असते, तशीच कोणाच्या तरी उपयोगी पडण्याचीही असते. घरातून सगळी कामे काढून घेतली, की आपण म्हाताऱ्या माणसाला विश्रांती देतो असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्याकडून उठण्याचे कारण काढून घेतो.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या वाचकांसाठी येथे एक सूचना. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्या व्यक्तीस नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा करता येते. मात्र एकूण तीस दिवसांपेक्षा अधिक नाही, आणि स्वयंसेवा हे प्रवासाचे मुख्य कारण असू नये. इतर देशांचे नियम निराळे असतात. जाण्यापूर्वी व्हिसाची अट वाचावी आणि प्रवासाच्या आरोग्यविम्यात आपले जुने आजार नमूद झाले आहेत ना, हे पाहावे.

अशा कामाला जाण्याआधी ज्येष्ठांनी तब्येतीची तयारी कशी करावी? प्रथम धनुर्वाताची लस. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात. लहानपणीची लस आयुष्यभर पुरत नाही. दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी लागते. दुसरे, पायांची ताकद. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठावे आणि बसावे. याला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर बाजूने चालण्याचे काम तूर्त घेऊ नये. आधी पायांचे व्यायाम करावेत. तिसरे, खडबडीत जमिनीवर अर्धा तास, बोलताना धाप न लागता, चालता आले पाहिजे. गेल्या वर्षभरात तोल जाऊन पडलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि काठीवाचून न चालणाऱ्यांनी नोंदी ठेवणे, साहित्य पुसणे, मुलांशी बोलत बसणे अशी बैठी कामे घ्यावीत. त्यांचे मोल तसूभरही कमी नाही. दमेकऱ्यांनी वाळल्या गवताच्या धुळीपासून दूर राहावे आणि आपला पंप खिशात ठेवावा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी काही खाऊन जावे आणि जवळ खडीसाखर बाळगावी.

घोड्याजवळ वागण्याचे नियमही साधे आहेत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. फक्त थेट मागचे आणि नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जवळ जावे. दोरीचा वेढा हाताला कधीही घालू नये. घोडा उसळला तर बोटे किंवा हात जायबंदी होतो. खाऊ द्यायचा तर सपाट तळव्यावर. पायांत चप्पल नको, बंद बूट हवेत. नाकातून घाण वाहणाऱ्या किंवा अंगावर गाठी-फोड असलेल्या घोड्याला हात लावू नये, कारण घोड्याचे काही आजार माणसालाही होतात. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

स्वतः ज्येष्ठांनी घोड्यावर बसावे का, हा प्रश्नही दवाखान्यात येतो. परदेशात काही वृद्धांना प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली बसवतात आणि छोट्या अभ्यासांत तोल सुधारल्याचे दिसले आहे. पण हाडे ठिसूळ झालेल्यांनी, खुब्याचा सांधा बदललेल्यांनी, मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आपल्या तज्ज्ञांच्या परवानगीवाचून हा विचार करू नये. तरुणपणी पडल्यावर उठून धूळ झटकता येते. सत्तरीत खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण धरावे लागते. मुलांच्या बाबतीतही फिट आटोक्यात नसणाऱ्यांना बसवू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे मणके अस्थिर असू शकतात, म्हणून त्याची आधी डॉक्टरांकडून तपासणी हवीच.

आणखी एक सावधगिरी. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान येथे पर्यटकांना घोड्यावरून फिरवतात. ‘तेवढाच उपचार’ म्हणून अपंग मुलाला अशा घोड्यावर बसवू नये. ते घोडे आणि त्यांचे मालक यांचे काम वेगळे आहे. एखादे केंद्र उपचाराचे नाव घेत असेल, तर पालकांनी पुढील गोष्टी विचाराव्यात: फिजिओथेरपिस्टची देखरेख आहे का? डॉक्टरांची लेखी संमती मागतात का? मापाचे हेल्मेट देतात का? मुलाबरोबर तीन माणसे चालतात का? घोडा याच कामासाठी शिकवलेला आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर टाळाटाळीचे आले, तर मुलाला घेऊन परत यावे.

ज्यांच्या गावाजवळ असे केंद्र नाही, त्यांनी हा लेख येथेच मिटवू नये. या उपक्रमाचा गाभा घोडा नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, दुसऱ्याच्या मुलाच्या बाजूने चालणे हा आहे. ते आपल्या गल्लीतही करता येते. आपल्या प्रत्येक गावात असे एखादे घर असतेच, जेथे अपंग मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, आणि त्याची काळजी घेणारी बाई कित्येक महिन्यांत एकटी देवळापर्यंतही गेलेली नसते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या. अपंगांसाठी मोठे काम उभे राहू शकते, हे आपल्या जिल्ह्याने त्यांच्या रूपाने पाहिले आहे. पण प्रत्येकाने संस्थाच काढली पाहिजे असे नाही. आठवड्यातून एक तास पुरे.

तो तास कसा द्यावा, याच्याही काही पद्धती आहेत. एकट्याने न जाता दोघांनी मिळून जावे. एक आजारी पडला तर दुसरा जातो आणि घरच्यांनाही विश्वास वाटतो. पहिले दोन-तीन आठवडे घरचे माणूस समोर असतानाच बसावे. मुलाला कसे उचलायचे, काय खाऊ घालायचे, घास अडकतो का, फिट येते का, आली तर काय करायचे, हे विचारून लिहून घ्यावे. मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी मुलाला एकट्याने उचलू नये. सल्ले देऊ नयेत, अमुक वैद्याकडे न्या असे सांगू नये. आणि वार कधी चुकवू नये. आज येतो म्हणून न जाण्यापेक्षा न कबूल करणे बरे. कारण त्या तासावर कोणी तरी आपली झोप, आपला बाजार, आपले डोळे तपासणे बेतलेले असते.

काळजी घेणाऱ्या वाचकांनाही दोन शब्द. मदत मागताना ‘कधी तरी येऊन बसा’ असे म्हटले, तर कोणी येत नाही. ‘गुरुवारी चार ते पाच बसाल का? मला दवाखान्यात जायचे आहे,’ असे नेमके मागावे. मागण्यात कमीपणा नाही. समोरच्या निवृत्त काकांना किंवा आजींना आपण त्रास देतो आहोत असे वाटून घेऊ नये. कदाचित त्या तासाची गरज त्यांनाही आपल्याइतकीच असेल.

आणि ज्या घरात ज्येष्ठ आहेत, त्या मुला-सुनांनी पुढचा अंक हाती येईपर्यंत एवढे करून पाहावे. आई-वडिलांना आज काय दुखते, हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: या आठवड्यात तुम्हाला कोणाकडे जायचे आहे? उत्तर ‘कोणाकडेच नाही’ असे आले, तर तीही प्रकृतीची एक तक्रार समजावी. तिच्यावरचे औषध आमच्या दवाखान्यात मिळत नाही. ते बहुधा तुमच्या घरापासून चार घरांवर, कोणाच्या तरी उंबऱ्याआड, वाट पाहत असते.